तुमचा प्रश्न: हॅम रेडिओच्या १३७ किलोहर्ट्झ बँडवर ट्रान्समिट करायचं आहे. आधी डब्ल्यूएसपीआर (कमकुवत सिग्नलसाठीचा मंद डिजिटल मोड), मग त्याहून मंद मोड. ऑसिलेटर टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल) घ्यावा, ओसीएक्सओ (छोट्या ओव्हनमध्ये ठेवलेला क्रिस्टल) की थेट रुबिडियम (अणुघड्याळ)?

"रुबिडियमशिवाय एलएफला (म्हणजे या लो फ्रीक्वेन्सी बँडला) हात लावू नका" असं तुम्हाला कोणीतरी ठणकावून सांगितलेलं दिसतंय. मलाही सांगितलं होतं. सांगणारे आमच्या गटातले ज्येष्ठ, सगळे त्यांना सर म्हणतात. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

माझा पहिला ट्रान्समीटर म्हणजे ८.७८ मेगाहर्ट्झचा साधा क्रिस्टल. ६४ने भागला की १३७.१८७५ किलोहर्ट्झ, बँडच्या आत. क्यूआरएसएस६० वर, म्हणजे साठ सेकंदांचा एक डॉट इतक्या संथ मोर्समध्ये, डॅश पाठवायचो, एक डॅश तीन मिनिटांचा. सर दुसऱ्या टोकाला ऐकायचे आणि वॉटरफॉलची, म्हणजे वेळेनुसार फ्रीक्वेन्सी कशी हलते ते दाखवणारी, चित्रं पाठवायचे. त्या चित्रांत माझा प्रत्येक डॅश विळ्यासारखा वाकलेला. मोर्सची की दाबली की सुरुवातीला झपाट्याने घसरण, मग हळूहळू सपाट. एकूण घसरण ०.४ हर्ट्झ. ऐकायला काहीच नाही, पण साठ सेकंदांच्या डॉटला साजेशा रिझोल्यूशनवर ती चित्राच्या वीसेक खणांवर पसरते आणि सिग्नल नॉइजमध्ये विरघळतो.

सरांचा निकाल तयार होता: "क्रिस्टल म्हणजे खेळणं. रुबिडियम घे, निदान ओसीएक्सओ तरी."

मी जुना १० मेगाहर्ट्झचा ओसीएक्सओ मिळवला आणि ७३ने भागला, म्हणजे १३६.९८६ किलोहर्ट्झ. विळे गेले. पण आता रेघा तिरक्या यायला लागल्या. रात्रभर एकाच दिशेला कलत जायच्या, पहाटे उलट्या फिरायच्या. सर म्हणाले, जुना माल घेतलास, दुसरं काय होणार. दोन महिने मी त्या बिचाऱ्या ओसीएक्सओला शिव्या घालत होतो. सप्लाय बदलला, डबा बदलला, रेग्युलेटर वेगळा केला.

मग एका रात्री सरांच्याच चित्रात माझ्या रेघेपासून काही हर्ट्झवर दुसऱ्या एका हॅमची रेघ दिसली. त्याचा ट्रान्समीटर जीपीएसला लॉक केलेला, म्हणजे उपग्रहांच्या घड्याळाशी जुळवलेला. आणि त्याची रेघही तिरकी, अगदी माझ्याच कोनात! दोन वेगवेगळ्या घरांतले ऑसिलेटर एकाच वेळी एकाच चालीने कसे घसरतील? घसरत होता सरांचा रिसीव्हर. त्याच्या पोटात ७० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारे दोन ऑसिलेटर होते, दोघांचे क्रिस्टल वेगळे, म्हणून चुका एकमेकींना खोडत नाहीत. तिथे ०.१ पीपीएम (दहा लाखांत ०.१ भाग) हललं तरी चित्रात ७ हर्ट्झ. माझ्या बाजूला तेच ०.१ पीपीएम म्हणजे ०.०१४ हर्ट्झ. सरांनी पुढे रिसीव्हर बदलला, मत मात्र बदललं नाही.

एलएफवर सगळा खेळ इथे आहे. भागाकार केला की पीपीएम तेवढेच राहतात, पण हर्ट्झ आक्रसतात. मिक्सिंग केलं की मोठ्या ऑसिलेटरची चूक जशीच्या तशी खाली येते. एचएफ रिग १०.१३७ वर ठेवून १० मेगाहर्ट्झशी मिसळणारे लोक १३७ किलोहर्ट्झवर १० मेगाहर्ट्झची चूक घेऊन येतात आणि मग रुबिडियम शोधत फिरतात. भागा, मिसळू नका.

आणि विळे? पहिला क्रिस्टल पीएच्या (पॉवर अँप्लिफायरच्या) हीटसिंकला जवळजवळ चिकटून बसवला होता. हल्ली तोच क्रिस्टल वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, थर्मोकोलमध्ये, पीएपासून हातभर लांब आहे. क्यूआरएसएस६०ला रेघ पुरेशी सरळ येते. ओसीएक्सओ फ्रीक्वेन्सी काउंटरला लावलाय. म्हणजे सर अर्धे बरोबर होते असं म्हणता येईल. मी म्हणणार नाही.

तुमच्यापुरतं: डब्ल्यूएसपीआरच्या टोनमधलं अंतर १.४६ हर्ट्झ आहे. १ पीपीएमचा टीसीएक्सओ ०.१४ हर्ट्झच्या आत राहतो, विषय संपला. तिथे कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदाच्या आत ठेवायची काळजी जास्त करा. त्याहून मंद अशा एफएसटी४डब्ल्यू-१८०० मोडमध्ये मात्र टोनचं अंतर ०.०८९ हर्ट्झ आणि ट्रान्समिशन अर्ध्या तासाचं. तिथे चांगला टीसीएक्सओ सांभाळून किंवा ओसीएक्सओ निवांत. पण त्याआधी डीडीएसची (आकड्यांवरून फ्रीक्वेन्सी तयार करणाऱ्या चिपची) पायरी, म्हणजे तिला जमणारा सर्वांत लहान बदल, तपासा. २५ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एडी९८३३ची पायरी ०.०९३ हर्ट्झ आहे, टोनच्या अंतरापेक्षा मोठी. ते २५ मेगाहर्ट्झ रुबिडियमइतके अचूक केले तरी ते टोन नेमके निघणार नाहीत. एडी९८५० ला १२५ मेगाहर्ट्झवर ०.०२९ हर्ट्झची पायरी मिळते, पण मॉड्यूलवरचा तो ऑसिलेटर स्वतःच चांगला तापतो.

अपवाद एबनॉट, फार कमकुवत सिग्नलसाठीचा आणखी एक मंद मोड. तिथे फेज सांभाळावा लागतो. तासाभरात १३७ किलोहर्ट्झची ४९ कोटींवर आवर्तनं होतात, त्यात पाव आवर्तनाचीही चूक नको असेल तर जीपीएसला लॉक केलेलं घ्या. यूब्लॉक्सच्या एनईओ-७एम सारख्या जीपीएस मॉड्यूलमधून क्लॉक काढणार असाल तर १० ऐवजी ८ मेगाहर्ट्झ काढा. आतलं क्लॉक ४८ मेगाहर्ट्झचं आहे, १०ने पूर्ण भाग जात नाही आणि जिटर (क्लॉकची थरथर) वाढतो.

ओसीएक्सओ घेतलाच तर तो सतत चालू ठेवा, प्रत्येक वेळी बंद-चालू करून त्याच्याकडून काही मिळत नाही. आणि पहिलं वाकडं चित्र आलं की सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा, तुमच्या रिसीव्हरला रेफरन्स कुठून येतो.