पायराइट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: दगडातील पिवळे, चमकदार कण सोन्याचे आहेत की पायराइटचे, हे कसे ओळखावे?

उत्तर: पायराइट हे लोह व गंधक यांचे खनिज सोन्यासारखेच पिवळे, चमकदार दिसते, म्हणून रंगावर मुळीच विसंबू नये. झिलई नसलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीवर कण घासून त्याचा कस, म्हणजे उमटणाऱ्या रेघेचा रंग, पाहावा. सोन्याचा कस पिवळाच उमटतो, पायराइटचा मात्र हिरवट काळा. मोस मापक्रमावर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) सोन्याची कठिनता २.५ ते ३ असल्याने ते सुईच्या टोकाखाली दबते, तर ६ ते ६.५ कठिनतेचे ठिसूळ पायराइट दबत नाही, ठोकल्यास त्याचा चुरा होतो. काही पायराइटमध्ये अतिसूक्ष्म सोने खरोखरच असते, परंतु रासायनिक पृथक्करणावाचून ते कळत नाही.

प्रश्न: पायराइट आणि मार्कसाइट यांचे रासायनिक संघटन एकच असताना ती दोन खनिजे का मानतात?

उत्तर: खनिजाची ओळख संघटन आणि स्फटिकरचना या दोहोंनी मिळून ठरते. दोन्हींत लोहाच्या एका अणूमागे गंधकाचे दोन अणू असतात. वजनाने पाहता लोह सुमारे ४६.६ टक्के आणि गंधक ५३.४ टक्के भरते. पायराइटमध्ये गंधकाचे अणू जोडीजोडीने बांधलेले असून, मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरीन एकाआड एक बसतात तशीच लोहाची व या जोड्यांची मांडणी असते. या जोड्या वेगवेगळ्या दिशांना कललेल्या असल्यामुळे पायराइटच्या घनाची सममिती दिसते त्याहून कमी असते, आणि त्याची खूण बाहेरूनही पाहता येते: घनाच्या पृष्ठांवर पुष्कळदा बारीक समांतर रेघा असतात आणि लगतच्या पृष्ठांवर त्या परस्परांना काटकोनात जातात. हे पाहण्यासाठी साधे भिंग पुरते. प्रत्येक अभ्यासकाने ते एकदा तरी पाहावे. मार्कसाइटचे स्फटिक समचतुर्भुजी (परस्परांना काटकोनात असलेल्या तीन असमान अक्षांचे) असतात व ते पायराइटपेक्षा कमी स्थिर असते.

प्रश्न: एवढे लोह असूनही पायराइट लोखंडाचे धातुक म्हणून का वापरत नाहीत?

उत्तर: गंधकाचा अंश राहिल्यास लोखंड ठिसूळ होते आणि हेमॅटाइट, मॅग्नेटाइट ही ऑक्साइड धातुके अधिक सोयीची पडतात; पायराइट मुख्यतः सल्फ्यूरिक अम्लासाठी वापरले गेले.

प्रश्न: संग्रहातील नमुन्यावर पांढरट भुकटी जमली आहे. ती धुऊन टाकावी का?

उत्तर: पाण्याने धुऊ नये. हवेतील ऑक्सिजन आणि ओलावा यांच्यामुळे पायराइटचे ऑक्सिडीभवन होऊन लोहाची सल्फेटे व सल्फ्यूरिक अम्ल तयार होते. हे अम्ल खोका, चिठ्ठी आणि शेजारचे नमुनेही खाते. भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, नमुना इतरांपासून वेगळा काढावा आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात, ५० टक्क्यांहून कमी सापेक्ष आर्द्रतेत ठेवावा.