दाजीपूरचा गेळा आणि लंकेतला गेळा, एकच का वेगळे?

प्रश्न : सर नमस्कार, मी कोल्हापुरात एम.एस्सी. झूऑलॉजी करतोय, प्रोजेक्ट राधानगरी (दाजीपूर) अभयारण्यातल्या सस्तन प्राण्यांवर हाय. गेळ्यापाशी, म्हणजे पिसोरीपाशी येऊन अडकलोय. त्याचं शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकात ट्रॅग्युलस मेमिना, एका यादीत मोशिओला मेमिना आणि नेटवर बघितलं तर मोशिओला इंडिका. आमच्या मॅडम म्हणतात भारतातला नि लंकेतला गेळा वेगळ्या प्रजाती हे प्रकरण काही पक्कं नाही. मग मी लिहू काय?
— एक विद्यार्थी, राधानगरी

उत्तर : तुझ्या यादीतला प्राणी एकच आहे भावा, तोच आपला गेळा उर्फ पिसोरी, सशापेक्षा थोडा मोठा, अंगावर पांढरे ठिपके नि पट्टे, शिंगं नाहीत पण नराला सुळे. लोक हरीण म्हणतात खरं, पण तो हरणांच्या कुळातला नाहीच, त्याचं कूळ वेगळं आणि फार जुनं. असो, तो तुझा प्रश्न नाही.

पहिलं नाव सोपं आहे. ट्रॅग्युलस हे आता आग्नेय आशियातल्या पिसोऱ्यांचं, भारत आणि श्रीलंकेतल्या ठिपकेवाल्यांना मोशिओला. यात कुणाचं भांडण नाही.

भांडण मेमिना का इंडिका यावर आहे. 1777 मध्ये एर्क्सलेबेन या जर्मन निसर्गअभ्यासकानं मेमिना हे नाव दिलं ते श्रीलंकेतल्या प्राण्याला आणि पुढं दोनेकशे वर्षं भारतातल्यालाही तेच चालवलं, कारण सगळ्यांनी एकच प्रजाती धरलेली. मग 2005 मध्ये कॉलिन ग्रोव्हज आणि एरिक मेयार्ड या शास्त्रज्ञांनी म्युझियममधल्या कवट्या मोजल्या, कातड्यांवरचे ठिपके-पट्टे ताडून बघितले आणि म्हणाले या तीन प्रजाती आहेत : भारतातली इंडिका, लंकेच्या कोरड्या भागातली मेमिना आणि तिथल्याच पावसाळी भागातली पिवळसर पट्ट्यांची कॅथिग्रे. जुनं नाव ज्याचं त्याच्याकडं राहिलं, आपला गेळा इंडिका झाला.

आता मॅडमचं म्हणणं. दोन प्राणी जंगलात समोरासमोर येऊनही आपापसात मिसळत नाहीत असं दिसलं तर वेगळी प्रजाती म्हणायला जोर येतो, पण इथं मधे समुद्र, गेळा काय पोहत लंकेला जाणार नाही, म्हणजे ही परीक्षा घेताच येत नाही. त्यात तो समुद्र उथळ, हिमयुगात पाणी खाली गेलं की भारत-लंका जमिनीनं जोडलेले असायचे, मग फारकत नेमकी किती जुनी हा प्रश्न येतोच. माझ्या मते लंकेतल्या दोघांची केस जास्त भक्कम, एकाच बेटावर मधे समुद्र नसताना दोन ठसठशीत रूपं टिकलीत.

आणि ग्रोव्हज हे तोडणाऱ्यांपैकी, म्हणजे एका प्रजातीच्या अनेक करणाऱ्यांपैकी, हे पण ध्यानात ठेव. 2011 मध्ये त्यांनी आणि पीटर ग्रब यांनी खुरवाल्या प्राण्यांची नवी मांडणी केली, त्यात आफ्रिकेतल्या क्लिपस्प्रिंगर या छोट्या कुरंगाच्या एका प्रजातीच्या 11 प्रजाती झाल्या! त्यावर बऱ्याच जणांनी टीका केली, की बारीकसा ठरावीक फरक दिसला की नवी प्रजाती असं करत गेलं तर शेवट कुठं. म्हणून काय गेळ्याचं काम वाया जात नाही, पण नुसत्या मापांवर उभ्या असलेल्या निष्कर्षाला डीएनएची जोड असेल तेवढं बरं.

हा नुसता कागदी वाद नाही बरं का. हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात पिसोऱ्यांची पैदास करून त्या तेलंगणातल्या अमराबादच्या जंगलात सोडल्यात. असल्या कामात कुठला प्राणी कुठला हे माहीत नसेल आणि लंकेतला आपल्यात मिसळला तर निस्तरणार कोण?

तर प्रोजेक्टमध्ये मोशिओला इंडिका लिही, आजच्या याद्या तेच वापरतात, आणि खाली एक ओळ टाक की 2005 पूर्वीच्या नोंदी मेमिना नावानं आहेत, नाहीतर जुन्या नोंदी शोधताना तुझ्याच हातातून निसटतील. आणि रस्त्यावर गाडीखाली मेलेला गेळा दिसला तर सॅम्पल म्हणून उचलून आणू नकोस, तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. जागेचा फोटो काढ आणि वनखात्याला कळव, डीएनएसाठी ऊती घ्यायची असेल तर त्यांच्या परवानगीनंच.