रिट्राय लावण्याआधी त्या टेस्टचा मेसेज वाचा

‘लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास होतात, सर्व्हरवर मात्र एक टेस्ट मधूनच पडते, पुन्हा चालवली की हिरवी. टीम म्हणते रिट्राय लावून मोकळा हो. लावू का?’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. सहा वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी होतो आणि मी रिट्राय, म्हणजे पडलेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवण्याची सोय, लावला होता.

लॉग, लायब्ररींच्या आवृत्त्या, टाइमझोन हे सगळं तुम्ही बघितलेलंच असणार, त्यात शिरत नाही.

आमचं काम अपॉइंटमेंट बुकिंगचं होतं. टेस्ट साधी: ‘बुक करा’ बटण लागोपाठ दोनदा दाबलं तरी नोंद एकच झाली पाहिजे. साधारण पाचात एकदा ती पडायची आणि मेसेज यायचा, ‘अपेक्षित १, मिळाले २’. तो मेसेज मी वाचला होता, एकदा नाही, अनेकदा. पण ब्राउझरच्या टेस्ट फ्लेकी (कारण नसताना कधी पास, कधी नापास) असतातच, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्या दोन आकड्यांकडे मी बघितलंच नाही. सेटिंगमध्ये दोन रिट्राय टाकले, तेही त्या एका टेस्टला नाही, सगळ्यांना. बिल्ड, म्हणजे कोड जोडून सगळ्या टेस्ट चालवण्याची फेरी, हिरवा झाला.

याचं गणित मी नंतर मांडलं. पाचात एकदा पडणारी टेस्ट सलग तीनदा पडण्याची शक्यता १२५ मध्ये १. म्हणजे खराखुरा बग समोर असताना १२५ पैकी १२४ वेळा बिल्ड आम्हाला ‘सगळं ठीक’ सांगत होता.

बग असा होता. कोड आधी डेटाबेसला विचारायचा, ‘या वेळेचं बुकिंग आहे का?’ नाही म्हटलं की नोंद करायचा. दोन रिक्वेस्ट काही मिलिसेकंदांच्या फरकाने आल्या की दोघींनाही उत्तर ‘नाही’, आणि नोंदी दोन. माझ्या लॅपटॉपवर एकच वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) चालायचा, त्यामुळे रिक्वेस्ट रांगेने जायच्या. टेस्ट सर्व्हरवर चार वर्कर होते. प्रोडक्शनमध्ये (खरे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर) त्याहून जास्त. रिलीजनंतर एकेका माणसाच्या नावावर दोन-दोन अपॉइंटमेंट दिसायला लागल्या आणि कुठली नोंद खरी हे बघत दोन आठवडे आम्ही हाताने डेटा साफ केला. लोकांना फोन करून वेळ विचारावी लागली. दुरुस्ती डेटाबेसवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणारा नियम) लावण्याएवढीच होती.

कारण सापडण्याआधीचे तीन आठवडे कुठे गेले तेही सांगतो. खापर टेस्ट चालवणाऱ्या टूलवर फोडायचं मी ठरवलंच होतं, म्हणून पैसे भरून घेतलेल्या त्या टूलच्या सपोर्ट विभागाला लिहिलं. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून तीच गोष्ट सांगायची, आणि उत्तर एकच: नवी आवृत्ती टाका, स्क्रीनशॉट पाठवा. आवृत्ती टाकली, स्क्रीनशॉट पाठवले. शेवटी मला न विचारता तिकीट ‘निकाली’ म्हणून बंद केलं. इतक्या मेलमध्ये टेस्ट नेमकं काय तपासते, हे एकानेही विचारलं नाही. आजही आठवलं की चीड येते.

ते विचारलं एका युजर ग्रुपमधल्या अनोळखी माणसाने, पहिल्याच उत्तरात. म्हणाला, बाकी सगळं काढून टाक, ती एकच टेस्ट २०० वेळा चालव, एकदा एका वर्करवर, एकदा चारवर. एका वर्करवर एकदाही पडली नाही, चारवर चाळीसच्या आसपास वेळा पडली. तासाभराच्या आत कारण समोर होतं. तेव्हापासून माझं मत असं झालंय की टूल निवडताना त्याच्या फीचर्सची यादी बघण्याआधी त्याच्या युजर ग्रुपमधले महिनाभराचे प्रश्न वाचावेत. उत्तरं कशी येतात त्यावरून पुढे आपलं काय होणार ते कळतं.

तुमचं माझ्यासारखंच असेल असं नाही. मी वेबवरचं काम करतो, हार्डवेअर किंवा गेमच्या टेस्टबद्दल मला बोलता येणार नाही. आणि सगळ्या फ्लेकी टेस्टमागे बग नसतो हेही खरं. गुगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा आहे. म्हणून रिट्राय कधीच नको असं मी म्हणत नाही. पण लावायचाच तर त्या एकाच टेस्टला लावा, शेजारी कारण आणि तारीख लिहा, आणि रिट्रायनंतर पास झालेली टेस्ट रिपोर्टमध्ये वेगळी दिसू द्या. स्लीप (टेस्टमध्ये ठरावीक सेकंद नुसतं थांबणं) टाकणं तर मला रिट्रायपेक्षाही वाईट वाटतं, कारण ते दिसतसुद्धा नाही.

सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) वापरत असाल तर जाता जाता: इम्प्लिसिट वेट (पानावरचा कुठलाही घटक शोधताना थांबणं) आणि एक्स्प्लिसिट वेट (एका ठरावीक अटीसाठी थांबणं) एकत्र वापरू नका. १० सेकंदांचा एक आणि १५ चा दुसरा लावला तर टाइमआउट २० सेकंदांनी होऊ शकतो, असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय.

आणि गिट बायसेक्टने (कोडचा इतिहास अर्धा-अर्धा करत बग आणणारा बदल शोधणारी कमांड) दोषी कमिट, म्हणजे कोडमधला नोंदवलेला बदल, शोधणार असाल तर प्रत्येक कमिटवर टेस्ट एकदाच चालवू नका. योगायोगाने पास झाली की बायसेक्ट भलत्याच दिशेला जातं आणि एका निरपराध कमिटवर बोट ठेवतं. पाचात एकदा पडणारी टेस्ट सलग २० वेळा नशिबाने पास होण्याची शक्यता जेमतेम १ टक्का, म्हणून मी छोट्या स्क्रिप्टमध्ये २० वेळा चालवतो आणि ती स्क्रिप्ट बायसेक्टला देतो. वेळ लागतो, पण रात्री लावून ठेवता येतं.

तुमची टेस्ट पडते तेव्हाची नेमकी ओळ आणि दोन्हीकडचे वर्कर किती, एवढं इथे टाका. स्क्रीनशॉट नको.