स्वतःची गाडी नसताना चार दिवसांत दापोली, गुहागर आणि गणपतीपुळे जमेल का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून निघायचं, डिसेंबरात चार दिवस, सोबत पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि ७६ वर्षांचे वडील. वडिलांना पुळ्याच्या गणपतीचं दर्शन हवंय, मुलीला समुद्र. गाडी नाही, एसटी-रिक्षावर भागेल का?

भागेल. पण तिन्ही ठिकाणं नाही. दापोली सोडा.

माझी सासुरवाडी गुहागर तालुक्यातली. लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं आमच्याकडेही गाडी नव्हती, त्यामुळे या पट्ट्यात मी पिशव्या सांभाळत भरपूर फिरलोय. नकाशा बघून बेत आखणारे पाहुणे कुठे अडकतात ते चांगलं ठाऊक आहे. ते किलोमीटर मोजतात. इथे खाड्या मोजायच्या असतात.

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहा. समोर वाशिष्ठीच्या पलीकडे धोपावे दिसतं, तिथून गुहागर पंधरा-सोळा किलोमीटर. पाण्यात उतरायचं नसेल तर मात्र दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरला शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा. पुढे गुहागर आणि गणपतीपुळ्याच्या मध्ये शास्त्री नदीची जयगड खाडी, तिथेही तीच गत. फक्त तिथे आत भातगावला पूल आहे, म्हणून वळसा जरा लहान. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्याला मधल्या खाडीवर जंगलजेटी घ्यावी लागते. नावात जंगल असलं तरी ही सपाट फेरीबोट. माणसं, दुचाक्या, मोटारी, भरलेले टेंपो, सगळं एकावर एक रचल्यासारखं घेते आणि पुढचा लोखंडी रॅम्प खाली टाकून पलीकडे ओतते. दाभोळ-धोपावे ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

गाडीवाल्याला हे सोपं, गाडीसकट चढला की झालं. तुम्ही एसटीने दाभोळला उतरणार, सामान उचलून धक्क्यावर जाणार, पलीकडे धोपाव्याला उतरणार आणि गुहागरची गाडी शोधणार. फेरी आणि एसटी यांच्या वेळा एकमेकींना विचारून ठरलेल्या नसतात. तरुण पोरांना यात मजा वाटते. ७६ वर्षांच्या माणसाला उन्हात पाऊण तास धक्क्यावर बसवणं मला तरी बरं वाटणार नाही. म्हणून एका सहलीत सामानासकट एकच खाडी ओलांडायची.

दापोली गाळायचं आणखी एक कारण. दापोली समुद्रावर नाही. जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ते गाव वर डोंगरावर आहे. कर्दे, मुरुड, हर्णै खाली बारा-पंधरा किलोमीटरवर. ‘दापोलीत समुद्राजवळ’ असं वाचून खोली घेतली की सकाळ-संध्याकाळ रिक्षा आलीच. (आणि हे मुरुड म्हणजे जंजिऱ्याचं नव्हे. ते रायगड जिल्ह्यात. दोन्हींत घोळ करून भलतीकडे खोली घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.)

गुहागरचं उलट आहे. एसटी स्टँडवर उतरलात की समुद्र चालत दोन-चार मिनिटांवर, व्याडेश्वराचं देऊळही बाजारपेठेतच. बिनगाडीच्या माणसासाठी याहून सोयीचं गाव या पट्ट्यात मला माहीत नाही. गणपतीपुळ्यातही देऊळ आणि किनारा एकमेकांना लागून आहेत, तिथेही सगळं पायी होतं. तेव्हा दोन रात्री गुहागर, एक रात्र पुळे.

पहिला दिवस प्रवासात जाईल, त्यात काही कोंबू नका. स्वारगेटहून गुहागरची थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर चिपळूणला उतरा. चिपळूण-गुहागर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, गाड्या बऱ्यापैकी असतात. वडिलांचं आधारकार्ड हाताशी ठेवा: पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, पत्नीला महिला सन्मान योजनेत अर्धं तिकीट, मुलीलाही अर्धं. थोडक्यात चौघांत मिळून दोन तिकिटं. पुण्याहून चार दिवस मोटार ठरवलीत तर ती बराच वेळ नुसती अंगणात उभी राहील आणि ड्रायव्हरच्या जेवणाखाण्याची, झोपायची सोय तुम्ही बघत बसाल. मी घेणार नाही.

आता एसटीची एक खोड. मला ती समजायला दोन-तीन वर्षं लागली. तिथल्या आतल्या गाड्यांचं वेळापत्रक गावकऱ्याच्या दिवसाचं असतं: सकाळी वाडीतून तालुक्याला, संध्याकाळी तालुक्यातून वाडीला. रात्रीची वस्तीची गाडी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि उजाडता तीच गाडी परत निघते. पाहुण्याचा दिवस नेमका उलटा. तुम्ही सकाळी तालुक्यातून बाहेर पडणार, संध्याकाळी परतणार. म्हणजे तुम्हाला परतायचंय त्या वेळी तिठ्यावर येणारी प्रत्येक गाडी समोरच्या दिशेने चाललेली असते. म्हणून गाव ते गाव जायला एसटी, आणि आसपास हिंडायला दिवसभराची रिक्षा किंवा ईको (छोटी व्हॅन), अशी वाटणी करा. मीटर वगैरे विसरा. आदल्या संध्याकाळी स्टँडवर किंवा जिथे उतरला असाल त्या घरमालकांमार्फत ठरवा, कुठे कुठे थांबायचं ते आधी सांगा आणि परतीचं भाडं धरूनच बोला. रिकामं परत यावं लागतं म्हणून ते दोन्ही बाजूंचं धरतात, त्यात फसवणूक नाही. चौघं आणि बॅगा म्हणजे रिक्षात दाटीच होते, ईकोच बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र, आणि दुपारनंतर मुलीला घेऊन धोपाव्याला जा. नुसती फेरीत बसून दाभोळला जायची आणि परत यायची गंमत, सामान नाही, घाई नाही. जाताना वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसतील. एन्रॉनचा तो गाजलेला ‘दाभोळ’ प्रकल्प दाभोळला नाहीच, खाडीच्या या बाजूला, अंजनवेलजवळ गुहागर तालुक्यात आहे. वडिलांना सांगा, नव्वदच्या दशकातले पेपर त्यांना आठवतील.

तिसरा दिवस खरा. गुहागरहून ईको सांगायची ती थेट गणपतीपुळ्यापर्यंत. वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिथून गाडीसकट फेरीत, पलीकडे जयगड, मग मालगुंड आणि पुळे. गाडी फेरीवर चढवण्याचं तिकीट वेगळं पडतं, ते कोण देणार हे आधीच ठरवा. हेदवीला दशभुज गणेश आहे, आणि किनाऱ्यावर बामणघळ: खडकात पडलेली अरुंद भेग. भरतीच्या लाटा तिच्यात शिरतात आणि फवारा उंच उडतो. ओहोटीला गेलात तर नुसता ओला खडक दिसेल आणि मुलगी विचारेल, यात काय बघायचंय. भरतीची वेळ काढायची तिथली जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट. षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि तेव्हा उधाणही जोरात. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं. घळीच्या कडेला मात्र जाऊ नका, शेवाळलेला कातळ आहे.

याच हिशेबाने एकदा मी स्वतःची फजिती करून घेतली आहे. षष्ठी होती. साडेचारचा फवारा बघायचाच म्हणून बायकोला आणि मेहुण्याला बामणघळीपाशी थांबवून ठेवलं. मग आणखी एक लाट, आणखी एक लाट. तवसाळच्या उतारावर रिक्षा पोचली तेव्हा फेरीचा रॅम्प आमच्यासमोर वर उचलला गेला आणि बोट दहा हात लांब गेली. रिक्षावाला भाडं घेऊन परत गेला, आम्ही धक्क्यावर. पुढच्या फेरीने जयगडला उतरलो तेव्हा मिट्ट अंधार, एकही गाडी नाही. शेवटी बर्फाच्या पेट्या रिकाम्या करून निघालेल्या मासळीच्या टेंपोत मागे बसून पुळ्याला गेलो. खोलीवाल्याने दार उघडलं आणि आधी दोन पावलं मागे सरला. तेव्हापासून भरती कितीची का असेना, डिसेंबरात मी चारच्या आत तवसाळला पोचतो. भरती दुपारी उशिरा येत असेल तर बामणघळ सोडून द्या, दशभुजाचं दर्शन घ्या आणि निघा.

मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, कवितेची आवड असेल तर अर्धा तास द्या. नाहीतर सरळ पुळ्याला, संध्याकाळच्या आरतीला पोचाल. एक पथ्य: पुळ्याचा समुद्र दिसतो तितका गरीब नाही, पाण्याखाली किनारा एकदम उतरतो आणि दरवर्षी माणसं बुडतात. मुलीला खेळायचं ते गुहागरला पुरतं खेळून घेऊ दे, इथे पाऊल भिजेल एवढंच. तारखा नक्की करण्याआधी कालनिर्णय उघडून अंगारकी येत नाही ना ते बघा. त्या दिवशी पुळ्याला माणसांचाच समुद्र असतो, वडिलांना रांगेत उभं राहणं झेपायचं नाही. नाताळ ते एकतीस डिसेंबर हा आठवडाही टाळता आला तर टाळा.

चौथ्या दिवशी सकाळी दर्शन करून रत्नागिरी, तिथून पुण्याची गाडी. रत्नागिरीला जाणाऱ्या एसटीत चढण्याआधी कंडक्टरला विचारा, ‘आरेवारेमार्गे की निवळीमार्गे?’ निवळीची गाडी आतून, लांबून जाते. आरेवारेची पंचवीसेक किलोमीटर समुद्राला धरून जाते, वळणावळणाला खाली पांढरी वाळू. मुलीला ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी द्या.