बाबाच कोच, आणि शनिवारची पोटदुखी

"पोराला खेळाची गोडी लागावी म्हणून मी कोच झालो, आणि आता ते खेळायलाच नको म्हणतंय. माझं चुकतंय कुठे?"

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कधी नेटमागे उभं राहून मुलाची बॅटिंग बघणाऱ्या बापाकडून, कधी मुलीला स्वतःच गाणं शिकवणाऱ्या आईकडून. या वेळी तो टेक्ससमधून आला, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातून, आणि खेळ होता फ्लॅग फुटबॉल. मी पुण्यात असते, पण परदेशातली बरीच मराठी कुटुंबं सल्ल्यासाठी ऑनलाइन भेटतात. घरातलं भांडण मराठीत होतं, मग ते सांगायचंही मराठीतच बरं पडतं. कुटुंबाची संमती घेऊन लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडिलांना सुहास म्हणू, मुलाला ईशान. ईशान नऊ वर्षांचा.

खेळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मलाही ते विचारूनच कळलं. अमेरिकन फुटबॉल म्हटलं की हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि एकमेकांवर आदळणारे धिप्पाड गडी डोळ्यांपुढे येतात. फ्लॅगमध्ये यातलं काही नाही. मुलांच्या लीगमध्ये साधारणपणे पाच विरुद्ध पाच खेळतात. प्रत्येकाच्या कमरेच्या बेल्टला दोन्ही बाजूंनी पट्ट्या लोंबत असतात, तेच फ्लॅग. बॉल ज्याच्याकडे, त्याचा फ्लॅग ओढला की ती खेळी तिथंच थांबते. धक्का द्यायचा नाही, पाडायचं नाही. आणि पळणाऱ्यानं आपला फ्लॅग हातानं झाकायचा नाही. झाकला तर दंड. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ असणार आहे. तो निर्णय ऑक्टोबर 2023मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या आपल्या मुंबईतल्या बैठकीत झाला. आपल्याकडे त्या दिवशी बातमी झाली ती त्याच बैठकीत ऑलिंपिकमध्ये आलेल्या क्रिकेटची, हे ओघानंच आलं.

तिथल्या मुलांच्या लीग बऱ्याचशा पालकांच्या जिवावर चालतात. नोंदणी झाली की आयोजकांची मेल येते: कोच कमी आहेत, कुणी पुढे या, नाहीतर टीम उभी राहणार नाही. सुहासनं हात वर केला. हा खेळ तो स्वतः कधीच खेळलेला नव्हता. सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यानं व्हिडिओ बघितले, एक्सेल उघडलं, कोण कुठे पळणार याचे नकाशे काढले, त्यांना आकडे दिले आणि मुलांच्या मनगटावरच्या पट्ट्यांत घालायला चिठ्ठ्या छापल्या. मेहनतीत कुठे कसर नव्हती.

सीझन निम्मा झाला तशी ईशानची पोटदुखी सुरू झाली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. सहा महिन्यांसाठी नाशिकहून आलेल्या आजीनं सुनेला सांगितलं, "अगं, याचं पोट शनिवारी सकाळीच कसं दुखतं? रविवारी चांगल्या चार पुऱ्या खातो की." शनिवार हा मॅचचा दिवस.

पहिल्या भेटीत सुहासच बोलत होता. "मॅडम, मी त्याला एका शब्दानं जास्त बोलत नाही. उलट मी अगदी काटेकोर असतो. आपलं पोरगं म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणता कामा नये." या वाक्यापाशी मी थांबले. तिकडे 'डॅडी बॉल' असा शब्दच आहे: कोच बापानं आपल्या मुलाला सगळ्या चांगल्या जागा द्यायच्या. पहिल्याच आठवड्यात बाजूच्या खुर्च्यांमधून तो शब्द सुहासच्या कानावर पडला होता. टीममध्ये आपण मराठी एकटेच, त्यामुळे ते जास्त लागलं असावं. तेव्हापासून त्यानं ईशानला सेंटरला ठेवलं. सेंटर म्हणजे प्रत्येक खेळीच्या सुरुवातीला क्वार्टरबॅककडे, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूकडे, बॉल देणारा. नियमानं त्यालाही पास पकडता येतो, पण सुहासच्या नकाशांत सेंटरकडे पास जवळजवळ नव्हताच. मुलांना आळीपाळीनं बाहेर बसवायचं असे, तेव्हा पहिला नंबर ईशानचा.

मी सुहासच्या बायकोला एक काम दिलं. पुढच्या मॅचला घडीच्या खुर्चीवर बसल्या बसल्या एक कागद घ्यायचा, सगळ्या मुलांची नावं लिहायची आणि सुहास ज्याचं नाव ओरडेल त्याच्यापुढे रेघ मारायची. शाबासकीची उभी, चुकीची आडवी. तो कागद तिनं पुढच्या भेटीत कॅमेऱ्यासमोर धरला. बाकीच्या मुलांपुढे बऱ्याचशा उभ्या रेघा, अधूनमधून आडवी. ईशानपुढे आडव्या रेघांची गर्दी, पार समासापर्यंत गेलेली, उभी एकच. सुहास ते बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पण मला तर सगळ्यांशी सारखंच वागतोय असं वाटत होतं."

ईशानशी मी वेगळी बोलले. नऊ वर्षांच्या मुलाला "तुला कसं वाटतं?" विचारलं की "ओके" एवढंच उत्तर मिळतं, मग तो पुण्यात असो की टेक्ससमध्ये. म्हणून मी म्हटलं, मला खेळ कळत नाही, शिकव. तो उठला, दोन पायमोजे आणले आणि पँटमध्ये दोन्ही बाजूंनी खोचले. "मावशी, फेसकडे बघायचं नाही. फेस खोटं सांगतो. हिप्सकडे बघायचं. हिप्स जिकडे, तिकडेच तो जाणार." मग आजीला हाका मारून बोलावलं आणि तिच्या कमरेला मोजे खोचून ते कसे ओढायचे ते दाखवलं. आजीनं साडी सावरत चकवायचा प्रयत्न केला; त्यानं वाकून दोन्ही मोजे एकदम काढले. पोटदुखीचा मागमूस नव्हता.

त्याला काय आवडतं ते मग त्यानं आपणहून सांगितलं. बचावात एक रशर असतो. तो सात यार्ड मागून, म्हणजे साधारण 6.4 मीटरवरून, सुटतो आणि थेट क्वार्टरबॅकवर धावून जातो. ईशानला रशर व्हायचं होतं. बाबाला सांगितलंस का, विचारलं. "बाबा म्हणेल, आधी सेंटर नीट कर." आणि मग, मोजे हातात गुंडाळत, "घरी पण तो कोचच असतो."

खरी गोम इथं होती. मैदानावरचा तास निभावून जात होता. मॅच संपल्यावर गाडीत बसलं की वीस मिनिटं उजळणी: तिसऱ्या खेळीला हात फ्लॅगवर का गेला, किती वेळा सांगितलं. पळताना हात खाली जाणं हे त्या वयात आपसूक होतं, ते महिन्याभरात सुटत नाही. जेवताना मोबाइलवर क्लिप. बाकीच्या मुलांना मॅचनंतर कोच सुटत होता, ईशानला नाही.

मॉरीन वाइस आणि सुझन फ्रेटवेल यांनी 2005मध्ये वडिलांच्याच हाताखाली सॉकर खेळणाऱ्या बारा वर्षांखालच्या मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांनी दोन्ही बाजू सांगितल्या. बाबा शिकवतात, कौतुक करतात, आपल्यासोबत वेळ घालवतात हे त्यांना हवं होतं. पण आपल्याकडून जास्त अपेक्षा, चुकलं की जास्त बोलणी, हेही त्यांनीच सांगितलं. सुहासला मी हे मुद्दाम सांगितलं, कारण तो दुसऱ्या टोकाला निघाला होता: "मग सोडूनच देतो कोचिंग." सीझनच्या मध्यात सोडलं असतं तर ईशाननं तेही स्वतःच्या माथी घेतलं असतं.

आकडे लागणाऱ्या माणसाशी आकड्यांत बोलावं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्मिथ आणि स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल कोचना एक साधं प्रशिक्षण दिलं होतं: चांगलं केलं की लगेच सांगा, चूक झाली की आधी धीर द्या, मग सुधारणा सांगा, अपमान कधीच नको. 1992च्या त्यांच्या अहवालात अशा कोचांच्या हाताखालची 5 टक्के मुलं पुढच्या सीझनला आली नाहीत, इतरांच्या हाताखालची 26 टक्के. सुहासनं हे लिहून घेतलं.

मग ठरलं ते असं. बेल्ट पिशवीत गेले की कोच संपला. गाडीत मॅचचा विषय ईशाननं काढला तरच निघेल, एरवी खायला काय घ्यायचं यावर बोलायचं. जोडीला जो दुसरा पालक कोच होता, त्यानं ईशानच्या चुका सांगायच्या आणि सुहासनं त्याच्या मुलीच्या. हे मला सगळ्यात पटलेलं कलम, आणि ते सुहासनंच सुचवलं. जागा आणि बाहेर बसायची पाळी यांचा तक्ता सीझनभराचा आधीच करून पालकांच्या ग्रुपवर टाकायचा, सगळ्यांची पाळी सारखी, ईशानचीही. रशरची जागा प्रत्येकाला मिळणार, मग ईशानला का नको? स्वतःच्या मुलाचं माप मुद्दाम कमी करणं मला न्याय वाटत नाही. लोकांच्या बोलण्याची किंमत त्यात मुलानं भरायची असते.

सगळं लगेच सुरळीत झालं नाही. गाडीतली गप्प बसायची वीस मिनिटं सुहासला फार जड गेली. एका शनिवारी सिग्नलला गाडी थांबली आणि त्याच्या तोंडून "तो हात..." निघालंच. मागून ईशान म्हणाला, "बाबा, बेल्ट पिशवीत आहेत." पोटदुखी हळूहळू विरळ झाली, शेवटच्या मॅचच्या सकाळी एकदा पुन्हा झाली. टीम तळाकडेच राहिली.

पुढच्या सीझनची नोंदणी निघाली तेव्हा मी सुहासला फॉर्म भरायच्या आधी विचारायला लावलं, आणि 'नको' हे उत्तर चालेल अशा सुरात विचारायला लावलं. तुम्हीही असा फॉर्म भरणार असाल तर हेच सांगेन. घाईत, बूट घालताना विचारू नका. उत्तराला दोन दिवस द्या. नको म्हणाला तर कारण खोदू नका. पाण्याच्या बाटल्या, गुणफलक, ने-आण, पालकांना करण्यासारखं मैदानावर पुष्कळ असतं.

ईशाननं दोन दिवस घेतले आणि सांगितलं की त्याला शाळेतल्या मित्राच्या टीममध्ये जायचंय, तिथं दुसरे कोच आहेत. सुहासला लागलं, ते त्यानं मला सांगितलं, मुलाला नाही. कोचिंगची चटक मात्र त्याला लागली होती. त्यानं पाच-सहा वर्षांच्या पोरांची टीम घेतली, जिथं निम्मी बॉल मिळाला की उलट्या दिशेनं धावतात आणि एक्सेलचा काही उपयोग नाही. परवा त्याच्या बायकोचा फोन होता, तक्रारीचाच. आता शनिवारी दोन मैदानं, दोन वेळा, आणि घरात गाडी एकच.