सी प्लस प्लसचा क्लास जावास्क्रिप्टला दिसेना

प्रश्न : फोटो धूसर करणारा माझा ‘फोटो’ नावाचा सी प्लस प्लस क्लास एमस्क्रिप्टेन या कंपायलरने वेबअसेम्ब्लीत (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बायनरी कोडमध्ये) कंपाइल केला. पण जावास्क्रिप्टमध्ये ‘न्यू फोटो’ लिहिलं की क्लासच सापडत नाही. हाताने रॅपर (दोन भाषांना जोडणारा कोड) लिहू का? स्लायडर सरकवला की दर वेळी नवा फोटो तयार करायचा बेत आहे.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : दोन-चार फंक्शनं असती तर म्हटलं असतं, टाका लिहून. अख्ख्या क्लाससाठी ती हमाली नको. कंपाइल झाल्यावर तुमचा क्लास उरतच नाही. उरतात सुटी फंक्शनं, तीही ‘_झेडएन’ने सुरू होणाऱ्या अगम्य नावांची, आणि ऑब्जेक्ट म्हणजे मेमरीतला एक पत्ता, नुसता आकडा.

कोड तुमचाच आहे, तेव्हा एम्बाइंड (सी प्लस प्लसचे क्लास जावास्क्रिप्टला जोडून देणारी एमस्क्रिप्टेनचीच सोय) वापरा. सी प्लस प्लसच्याच फाइलमध्ये ‘एमस्क्रिप्टेन_बाइंडिंग्ज’चा ब्लॉक लिहून त्यात क्लासचं नाव, कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट घडवणारं फंक्शन) आणि हवी तेवढीच फंक्शनं नोंदवा. लिंक करताना ‘-एलएम्बाइंड’ हा पर्याय द्यायचा राहिला, तर ‘_एम्बाइंड_रजिस्टर_क्लास’ सापडत नाही अशी तक्रार येईल, घाबरू नका. एखादं फंक्शन व्हेक्टर (सी प्लस प्लसची यादी) परत करत असेल, तर तो प्रकारही नोंदवावा लागतो. नाहीतर कंपाइल बिनबोभाट होतं आणि ‘अनबाउंड टाइप्स’ची एरर थेट ब्राउझरमध्ये उगवते. (दुसऱ्याची मोठी लायब्ररी असती, तर वेबआयडीएल बाइंडर हे एमस्क्रिप्टेनचं दुसरं जोडणी-साधन सुचवलं असतं. बुलेट हे फिजिक्स इंजिन ‘अ‍ॅमो.जेएस’ म्हणून त्याच वाटेने आलं.)

मला काळजी आहे ती तुमच्या स्लायडरची. १२ मेगापिक्सेलचा फोटो, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे सुमारे ४८ एमबी. ही जागा वेबअसेम्ब्लीच्या मेमरीत अडकते. जावास्क्रिप्टच्या कचरावेचकाला (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या ‘गार्बेज कलेक्टर’ला) दिसतो फक्त वरचा चिमुकला रॅपर, म्हणजे जावास्क्रिप्टमधलं ऑब्जेक्ट. त्याला वाटतं, काही बिघडलेलं नाही, आणि जुने फोटो साचत जातात. मेमरी वाढवायची परवानगी दिली तरी एमस्क्रिप्टेनची मूळ कमाल मर्यादा २ जीबी. स्लायडर जेमतेम चाळीस-पंचेचाळीसदा हलला की खेळ खलास. एम्बाइंडच्या नव्या आवृत्त्या फायनलायझेशन रजिस्ट्रीची (ऑब्जेक्ट कचऱ्यात गेलं की कळवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या सोयीची) मदत घेतात, पण ती कधी धावून येईल याचा नेम नाही. काम झालं की स्वतः ‘डिलीट’ बोलवा, तेही ‘फायनली’मध्ये, म्हणजे मध्येच एरर आली तरी जागा सुटेल.

तुमच्या जागी मी दर वेळी नवा फोटो बनवलाच नसता. एकच ऑब्जेक्ट ठेवा. मूळ पिक्सेल त्याच्या आतच जपा आणि स्लायडरकडून फक्त धूसरपणाचा आकडा पाठवा.