अँटीबॉडी निगेटिव्ह म्हणतात, पण टेस्ट कोणती झाली?

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझीच जुनी फाईल उघडल्यासारखं झालं. तुमच्या मिस्टरांच्या पांढऱ्या पेशी दीड वर्षापासून २,६०० च्या आसपास, त्यातल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) ३४ टक्के, बोन मॅरो ठीक, आणि आता 'अँटीबॉडी निगेटिव्ह' म्हणून दुसरं कारण शोधायला सांगितलंय. बी-१२, एचआयव्ही, कावीळ, चालू गोळ्या हे बघून झालंच असणार, त्यात शिरत नाही. मी डॉक्टर नाही, याच दुखण्याचा, म्हणजे ऑटोइम्यून न्यूट्रोपेनियाचा (शरीराच्याच अँटीबॉडी न्यूट्रोफिल मारतात), पेशंट आहे. जे लिहितोय ते तुमच्या हेमॅटॉलॉजिस्टना (रक्ताच्या डॉक्टरांना) दाखवूनच पुढचं ठरवा.

आधी रिपोर्ट हातात घ्या आणि टेस्टचं नाव वाचा. माझ्या चिठ्ठीवर 'अँटी-न्यूट्रोफिल अँटीबॉडी' असं स्वच्छ लिहिलं होतं. आमच्याकडच्या एका कलेक्शन सेंटरवर पोरानं कॉम्प्युटरात 'न्यूट्रोफिल' टाकलं आणि यादीत जे वर आलं ते लावून टाकलं. रिपोर्टवर दोनच ओळी: सी-एएनसीए निगेटिव्ह, पी-एएनसीए निगेटिव्ह. एएनसीए ही रक्तवाहिन्यांच्या सुजेसाठी करतात. त्यातल्या अँटीबॉडी पेशीच्या आतल्या प्रथिनांवर असतात. आपल्याला हव्या असतात त्या पेशीच्या वरच्या आवरणाला, एचएनए नावाच्या प्रतिजनांना (न्यूट्रोफिलच्या ओळखखुणांना) चिकटणाऱ्या. नावं जवळची, काम वेगळं.

पण माझ्या फाइलीत कुणीतरी 'अँटीबॉडी नाहीत' लिहिलं आणि ते वाक्य पुढच्या प्रत्येक कागदावर जसंच्या तसं उतरत गेलं. त्यापायी बोन मॅरो परत झाली, आणि घरच्यांनी मनातल्या मनात ब्लड कॅन्सर धरून ठेवला तो वेगळाच. सेंटरवर विचारायला गेलो तर उत्तर काय, "काका, तेच असतंय ते, नाव उलटसुलट लिहितेत." वरचे साहेब म्हणाले, रिपोर्ट बरोबर आहे, पैसे परत मिळत नसतात. रिपोर्ट बरोबरच होता हो, एएनसीए खरंच निगेटिव्ह होती! लिहितानाही डोकं तापायलंय, असो.

खरी टेस्ट थोड्याच ठिकाणी होते. पैसे भरण्याआधी पद्धत विचारा: ग्रॅन्युलोसाइट इम्युनोफ्लुरोसन्स (पेशीला चिकटलेली अँटीबॉडी चमकवून बघतात) की अॅग्लुटिनेशन (पेशींच्या गुठळ्या होतात का ते बघतात)? दोन्ही मिळून केलेली बरी, एकीत सुटलेलं दुसरीत सापडू शकतं. थेट पद्धतीला रुग्णाच्याच ताज्या पेशी लागतात, आणि आपल्याकडे कमी आहेत त्या नेमक्या त्याच. म्हणून बहुतेक वेळा रुग्णाचा सीरम (रक्तातलं पेशी नसलेलं पाणी) दुसऱ्याच्या पेशींवर तपासतात. खरी टेस्ट निगेटिव्ह आली तरी आजार नाहीच असं ठरत नाही, कधी कधी परत करावी लागते. उलट, आधी रक्त चढवलेलं असेल किंवा बाळंतपणं झालेली असतील तर भलत्याच अँटीबॉडीमुळे पॉझिटिव्ह दिसू शकते.

माझं मत विचाराल तर (चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं) या टेस्टमागे फार धावू नका. मोठ्या माणसांत हा प्रकार बऱ्याचदा ल्युपस, संधिवात, शोग्रेन अशा ऑटोइम्यून दुखण्यांच्या पाठोपाठ येतो, म्हणून एएनए (याच दुखण्यांची रक्ततपासणी), सांधे, डोळ्यांचा कोरडेपणा आधी बघून घ्या. 'एलजीएल'साठी (एका जातीच्या पांढऱ्या पेशी वाढण्याचा आजार) फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींचे प्रकार ओळखणारी तपासणी, झाली का, तेही विचारा. उपचार ठरतो तो न्यूट्रोफिलचा आकडा किती आणि इन्फेक्शन किती वेळा होतं यावर. तुमच्या आकड्यांनी एएनसी (न्यूट्रोफिलचा एकूण आकडा) ८८० च्या आसपास येते. तोंड येत नसेल, वरचेवर ताप नसेल, तर बरेच डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. जी-सीएसएफची (न्यूट्रोफिल वाढवणारी) इंजेक्शनं सगळ्यांना लागत नाहीत.

पपईच्या पानांचा रस सुचवणारे नातेवाईक येतीलच. तो प्लेटलेटसाठी सांगतात, पांढऱ्या पेशींसाठी नाही.

एक मात्र पक्कं: १०० च्या वर ताप गेला तर गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री सीबीसी करून डॉक्टर गाठा. आणि तिथं तापासाठी अॅनाल्जिनचं इंजेक्शन काढलं तर हात धरा, त्या औषधानं पांढऱ्या पेशी अचानक कोसळू शकतात.